सदिश फलनावरून वक्र काढताना समीकरण बरोबर, तरी आकृती चूक : असे का होते?

प्रश्न : कोरा कागद

नमस्कार मंडळी. सदिश फलनावरून प्रतलातील वक्र हाताने काढायला मी सध्या शिकत आहे आणि त्यात एकाच ठिकाणी वारंवार अडखळतो आहे. सोयीसाठी सदिश जोडीच्या रूपात लिहितो. पहिली संख्या क्ष-घटक आणि दुसरी य-घटक समजावी. माझी आजवरची पद्धत सरळ होती. र(ट) = (क्ष(ट), य(ट)) दिले की दोन्ही घटकांमधून प्रचल ट (ज्याच्या किमतीनुसार बिंदू फिरतो ती राशी) काढून टाकायचा, क्ष आणि य यांच्यातले समीकरण मिळवायचे आणि ते ओळखीचे निघाले की त्याचा आलेख काढून मोकळे व्हायचे.

एका चाचणीत र(ट) = (कोसाइन ट, कोसाइन² ट) हे फलन आले होते. मी य = क्ष² हे समीकरण काढले, सुबक अन्वस्त रेखाटला आणि उत्तरावर फुली आली. शेजारी "मर्यादा? दिशा?" एवढेच लिहिलेले होते. समीकरण चुकलेले नाही, हे मी तीनदा पडताळून पाहिले आहे.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. र(ट) = (ट², ट³ − ३ट) या फलनातून ट काढून टाकल्यावर य² = क्ष(क्ष − ३)² असे समीकरण मिळते, पण ते कोणत्या आकृतीचे आहे हे मला ओळखता येत नाही. ट च्या पाच-सहा किमती घेऊन बिंदू मांडले, तर ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे कळेना. एकदा जोडले तर माशासारखा आकार आला, दुसऱ्यांदा जोडले तर दोन सुट्या रेषा आल्या. अशा वेळी पद्धतशीरपणे काय करावे, आणि वक्रावर बाण काढणे खरोखर आवश्यक असते की ती केवळ परीक्षकांची हौस असते, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

प्रतिसाद : त्रिज्या

आपले समीकरण बरोबर आहे आणि फुलीही बरोबर आहे. समीकरण सांगते ते एवढेच, की फिरणारा बिंदू या रेषेच्या बाहेर कधीही जाणार नाही. तो त्या रेषेवर सगळीकडे जातो, एकदाच जातो किंवा डावीकडून उजवीकडे जातो, यांपैकी काहीही समीकरणात लिहिलेले नसते.

पुढील तीन फलने शेजारी ठेवून पाहा : (ट, ट²), (कोसाइन ट, कोसाइन² ट) आणि (ई^ट, ई^२ट). तिन्हींतून ट काढून टाकला की य = क्ष² हेच उरते. पहिल्यात क्ष म्हणजे स्वतः ट असल्यामुळे संपूर्ण अन्वस्त डावीकडून उजवीकडे एकदाच आखला जातो. दुसऱ्यात क्ष हा कोसाइन असल्यामुळे तो −१ च्या खाली आणि १ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून वक्र म्हणजे (−१, १) पासून (१, १) पर्यंतचा तुकडा. बिंदू ट = ० ला उजव्या टोकावर असतो, ट चे मूल्य पाय (π) होईपर्यंत आरंभबिंदूतून, म्हणजे (०, ०) मधून, डाव्या टोकाला पोहोचतो आणि ट चे मूल्य २ पाय होईपर्यंत त्याच वाटेने परत येतो. ट ला मर्यादा घातली नसेल तर ही येरझार अखंड चालू राहते. तिसऱ्यात ई^ट नेहमी धन असल्यामुळे केवळ उजवी बाजू मिळते आणि तिच्यातही आरंभबिंदू येत नाही. ट कितीही ऋण घेतला तरी बिंदू आरंभबिंदूच्या जवळ सरकत राहतो, पोहोचत मात्र नाही. तेथे पोकळ ठिपका काढावा लागतो.

आपण काढलेला संपूर्ण अन्वस्त हे यांपैकी फक्त पहिल्याचे उत्तर आहे. त्यामुळे निरसन, म्हणजे ट काढून टाकणे, करायचेच असेल तर त्याआधी क्ष-घटक आणि य-घटक कोणत्या किमती घेऊ शकतात हे लिहून ठेवावे, आणि ट चा दिलेला अंतराल तर मुळीच विसरू नये. (साइन ट, साइन² ट) हे फलन ० ते पाय एवढ्याच अंतरालावर दिले असेल तर बिंदू आरंभबिंदूपासून (१, १) ला जाऊन परत येतो. अन्वस्ताच्या डाव्या बाजूला त्याचा स्पर्शही होत नाही.

बाणांविषयी : (ट, ट²) आणि (−ट, ट²) यांचे ठसे अगदी एकसारखे आहेत. बाण नसेल तर आपण त्यांपैकी कोणते फलन काढले आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसे? हौस म्हणण्याइतकी ती बाब किरकोळ नाही.

प्रतिसाद : खडू आणि फळा

त्रिज्या यांनी पहिला भाग नेमका सांगितला आहे, म्हणून मी केवळ दुसऱ्या फलनाकडे वळतो. ते थोडे सविस्तर करू, कारण क्रम कळेना ही आपली तक्रारच या विषयाचा गाभा आहे. बिंदू मांडताना आपण प्रत्येक बिंदूजवळ त्याची ट ची किंमत लिहिली नसावी, असा माझा अंदाज आहे. ती लिहिली असती तर कोणता बिंदू कोणाला जोडायचा हा प्रश्न उद्भवलाच नसता.

मी विद्यार्थ्यांना आधी दोन छोटे सहायक आलेख काढायला लावतो : एक ट विरुद्ध क्ष, दुसरा ट विरुद्ध य, एकाखाली एक, दोन्हींचा ट-अक्ष एकाच मापाचा. येथे पहिला आलेख क्ष = ट² हा साधा अन्वस्त आहे. तो ट = ० पर्यंत उतरतो आणि नंतर चढतो. दुसरा आलेख य = ट³ − ३ट हा ट = −१ पर्यंत चढून २ ला पोहोचतो, तेथून ट = १ पर्यंत उतरून −२ ला येतो आणि पुन्हा चढू लागतो. आता −१, ० आणि १ येथे दोन्ही आलेखांवरून आरपार उभ्या रेषा ओढा. ट-अक्षाचे चार तुकडे पडतील आणि प्रत्येक तुकड्यात बिंदू कोणत्या दिशेने चालला आहे हे नुसते पाहून सांगता येईल.

ट हा −१ पेक्षा लहान असताना क्ष घटतो आणि य वाढतो, म्हणजे बिंदू डावीकडे आणि वर चालला आहे. −१ ते ० मध्ये दोन्ही घटतात. चाल डावीकडे आणि खाली. ० ते १ मध्ये क्ष वाढू लागतो पण य अजून घटतोच आहे, म्हणून उजवीकडे आणि खाली. १ च्या पुढे दोन्ही वाढतात; उजवीकडे आणि वर. एवढ्या चार वाक्यांत आकृतीचा सांगाडा उभा राहिला आणि अजून आपण एकही अवकलज घेतलेला नाही.

आता अवकलज घेऊ. वेगसदिश (२ट, ३ट² − ३) आहे. ट = ० ला त्याचा क्ष-घटक शून्य होतो आणि य-घटक −३ राहतो, म्हणून आरंभबिंदूवर स्पर्शिका उभी आहे आणि बिंदू खाली चालला आहे. ट = −१ आणि ट = १ ला य-घटक शून्य होतो, म्हणून (१, २) आणि (१, −२) येथे स्पर्शिका आडव्या आहेत. दोन्ही घटक एकाच वेळी शून्य कधीच होत नाहीत, म्हणजे बिंदू कोठेही थांबत नाही आणि वक्रावर कोठेही टोक, म्हणजे अणकुचीदार बिंदू, येण्याची भीती नाही.

राहिला प्रश्न वक्र स्वतःला छेदतो का, हा. त्यासाठी दोन वेगळ्या वेळी बिंदू एकाच जागी येतो का हे पाहायचे. ट² सारखा यायचा असेल तर दोन्ही वेळा परस्परांच्या विरुद्ध चिन्हाच्या असल्या पाहिजेत. आणि ट चे चिन्ह बदलले की य चेही चिन्ह बदलते, म्हणून दोन्ही वेळी य सारखा यायचा तर तो शून्यच असला पाहिजे. ट(ट² − ३) = ० यातून ट = ±√३ मिळतात; ट = ० सोडून द्यायचा, कारण तेथे दोन वेगळ्या वेळाच नाहीत. म्हणजे बिंदू (३, ०) या जागेवरून दोनदा जातो. पहिल्या वेळी त्याचा वेग (−२√३, ६) असतो, दुसऱ्या वेळी (२√३, ६). चढ अनुक्रमे −√३ आणि √३ आहेत, म्हणून दोन्ही स्पर्शिका क्ष-अक्षाशी ६० अंशांचा कोन करतात. हा कोन आकृतीत जरूर दाखवा. बहुतेक जण येथे काटकोनासारखी फुली काढतात आणि फास, म्हणजे वक्राचा बंद वळसा, विनाकारण बसका दिसतो.

आता पेन्सिल हातात घ्या. ट = −२ ला (४, −२) या बिंदूपासून निघा, डावीकडे वर चढत (३, ०) ओलांडा, (१, २) या माथ्यावर आडवे व्हा, तेथून उतरत आरंभबिंदूवर सरळ खाली तोंड करा, (१, −२) या तळाला पुन्हा आडवे व्हा, वर चढत (३, ०) दुसऱ्यांदा ओलांडा आणि ट = २ ला (४, २) पाशी थांबा. पेन्सिल एकदाही उचलावी लागत नाही. फास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने काढला जातो. वक्र क्ष-अक्षाभोवती सममित आहे हे ट च्या जागी −ट घालून आधीच दिसले असते, पण सममिती सापडली म्हणून अर्धी आकृती काढून आरशासारखी उलटवताना बाण उलटवायचा की नाही याचा गोंधळ हमखास होतो. म्हणून निदान पहिल्या काही आकृत्या तरी पूर्ण चालून काढाव्यात.

माशाचा आकार हेच आपले बरोबर उत्तर होते. तोंड डावीकडे, शेपटी उजवीकडे.

कोरा कागद

दोघांचेही मनापासून आभार. दोन आलेख एकाखाली एक काढण्याची युक्ती मला कोणीही सांगितली नव्हती. बिंदूंजवळ ट ची किंमत लिहिली नव्हती, हा अंदाजही खरा आहे.

यावरून एक उपप्रश्न. दोन्ही घटक एकाच वेळी शून्य झाले तर टोक येण्याची भीती असते, असे आपण लिहिले. (ट², ट³) या फलनात ट = ० ला खरोखरच टोक येते, ते मी काढून पाहिले. पण (ट³, ट⁶) मध्येही ट = ० ला वेग शून्य आहे आणि तेथे तर गुळगुळीत अन्वस्तच मिळतो. मग नियम नेमका काय समजावा?

प्रतिसाद : शून्य वेग

माझ्या टोपणनावामुळे हे उत्तर देणे मला भागच आहे.

वेग शून्य होणे हा केवळ संशय आहे. थांबलेला बिंदू पुन्हा निघताना कोणत्या दिशेने निघतो, यावर सगळे अवलंबून असते. तो आला त्याच दिशेने पुढे गेला तर वक्रावर काहीच खूण राहत नाही. वाटेत क्षणभर थांबून पुढे निघालेल्या माणसाची पावले पाहून तो थांबला होता हे ओळखता येत नाही, तसेच हे. म्हणून थांबण्याच्या अलीकडची आणि पलीकडची दिशा, म्हणजे एकक स्पर्शसदिश, दोन्ही बाजूंनी तपासायचा.

आपल्या (ट³, ट⁶) चा वेग (३ट², ६ट⁵) आहे. ट शून्याच्या जवळ नेला की त्याची दिशा दोन्ही बाजूंनी (१, ०) हीच येते. दिशा बदलली नाही, म्हणून टोक नाही. (ट², ट³) चा वेग (२ट, ३ट²) आहे. शून्याच्या डावीकडून दिशा (−१, ०) येते आणि उजवीकडून (१, ०). बिंदू डावीकडे आला, थांबला आणि उलट फिरून उजवीकडे निघाला. येताना तो क्ष-अक्षाच्या खाली होता आणि जाताना वर आहे, म्हणून दोन फांद्या एका टोकाला मिळालेल्या दिसतात.

दिशा पूर्ण उलटी न होता थोडीच बदलली तर साधा कोपरा मिळतो. (ट³, |ट|³) हे फलन पाहा. |ट|³ चा अवकलज शून्यावरही अस्तित्वात आहे आणि तो सलगही आहे, तरीही वक्र म्हणजे य = |क्ष| असा काटकोनी कोपरा आहे. दोन्ही घटकांचे अवकलज सलग असले की वक्र गुळगुळीत असतो, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवर्जून दाखवावे. त्यात "आणि ते एकाच वेळी शून्य होत नाहीत" ही अट जोडली तरच ते विधान खरे ठरते.

चौथा प्रकार आपल्याच पहिल्या फलनात आहे. (कोसाइन ट, कोसाइन² ट) चा वेग ट = ० ला शून्य होतो आणि दिशा उलटही होते, पण बिंदू त्याच वाटेने परत जातो; त्यामुळे आकृतीत टोकाऐवजी केवळ तुकड्याचा शेवट दिसतो.

टोकाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सायक्लॉइड : (ट − साइन ट, १ − कोसाइन ट). एक एकक त्रिज्येचे चाक सरळ रेषेवर न घसरता गडगडत असेल तर त्याच्या कडेवरच्या एका बिंदूचा हा मार्ग. त्याची चाल, म्हणजे वेगाचे परिमाण, २|साइन(ट/२)| एवढी येते. म्हणजे बिंदू जमिनीला टेकतो त्या क्षणी तो पूर्ण स्थिर असतो आणि सर्वांत वर असताना त्याची चाल चाकाच्या मध्यबिंदूच्या चालीच्या दुप्पट असते. टेकण्याआधी दिशा सरळ खाली आणि टेकल्यानंतर सरळ वर असल्यामुळे टोक उभे येते. कमानी गोलसर काढून त्या जमिनीवर तिरक्या टेकवण्याची चूक फार आढळते. एका कमानीची लांबी त्रिज्येच्या बरोबर ८ पट असते. हे १६५८ मध्ये इंग्लंडचे वास्तुविशारद आणि गणिती क्रिस्टोफर रेन यांनी दाखवले. परिघाच्या सूत्रात सतत भेटणारा पाय या उत्तरातून साफ नाहीसा होतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

प्रतिसाद : त्रिज्या

निरसनाची बाजू मी आधी थोडी जास्तच पाडली, म्हणून दोन शब्द. आकृती काढून झाल्यावर पडताळ्यासाठी समीकरण फार उपयोगी पडते. खडू आणि फळा यांच्या फासाला आरंभबिंदूजवळ कोणता आकार असावा हे य² = क्ष(क्ष − ३)² वरून चटकन दिसते : तेथे (क्ष − ३)² जवळपास ९ आहे, म्हणून वक्र य² = ९क्ष या अन्वस्तासारखा वागतो. संगणकावर हेच फलन काढताना ट चा अंतराल चुकून −१ ते १ एवढाच दिला तर पडद्यावर केवळ हाच अन्वस्तासारखा भाग दिसतो आणि फास आहे याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आलेख काढणाऱ्या आज्ञावलीतही आधी अंतराल तपासावा.

मात्र समीकरणाकडून मिळणारा उलटा दगाही माहीत असावा. (ट² + ३, ट³ + ३ट) घ्या. येथे य = ट·क्ष, म्हणून निरसन केल्यावर य² = क्ष²(क्ष − ३) मिळते. आरंभबिंदू या समीकरणात चपखल बसतो, पण वक्रावर तो नाही. क्ष-घटक ३ च्या खाली कधी येतच नाही. समीकरणावरून आकृती काढणारा तेथे प्रामाणिकपणे एक सुटा ठिपका काढेल आणि तो बिंदू ट च्या कोणत्याही किमतीला भेटणार नाही.

कोरा कागद

सर्व सूचना लक्षात घेऊन (साइन ट, साइन २ट) हे फलन ० ते २ पाय या अंतरालावर स्वतः काढले. ट च्या पाय/४ एवढ्या पायऱ्या घेतल्या : आरंभबिंदू, मग (०·७१, १), (१, ०), (०·७१, −१), पुन्हा आरंभबिंदू, नंतर (−०·७१, १), (−१, ०), (−०·७१, −१) आणि शेवटी आरंभबिंदू. आडव्या आठाचा आकार मिळाला. वेग (कोसाइन ट, २ कोसाइन २ट) आहे आणि त्याचे दोन्ही घटक एकाच वेळी शून्य होत नाहीत, म्हणून टोक नाही. उजवी पाकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते आणि डावीही त्याच दिशेने जाते, असे बाण मी काढले आहेत. बरोबर आहे ना?

प्रतिसाद : खडू आणि फळा

आकार, बिंदू आणि वेगाचा निष्कर्ष, सगळे बरोबर आहे. डाव्या पाकळीचा बाण तेवढा चुकला. आपणच लिहिलेला क्रम पुन्हा वाचा. आरंभबिंदूनंतर आधी (−०·७१, १) येतो, म्हणजे बिंदू डावीकडे वर चढतो, मग (−१, ०) वरून खाली उतरतो. ही चाल घड्याळाच्या काट्यांच्या उलट आहे. ट चे मूल्य पाय असताना वेग (−१, २) येतो, यावरूनही तेच दिसते : उजव्या पाकळीच्या तळाकडून वर येणारा बिंदू आरंभबिंदूतून सरळ पुढे डावीकडे निघून जातो, तेथे वळत नाही. दोन्ही पाकळ्या एकाच दिशेने फिरायच्या असत्या तर त्याला आरंभबिंदूपाशी कोपरा करून वळावे लागले असते; आणि वेग शून्य होत नाही असे तर आपण स्वतःच दाखवले आहे.

या घराण्यातल्या वक्रांना लिसाजू आकृत्या म्हणतात. कंप पावणाऱ्या ध्वनिकाट्यांवर बसवलेल्या आरशांवरून प्रकाशकिरण परावर्तित करून फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिसाजू यांनी त्या १८५७ च्या सुमारास पडद्यावर दाखवल्या. त्याआधी १८१५ मध्ये अमेरिकी गणिती बोडिच यांनी त्यांचा अभ्यास केला होता. पुढचा सराव म्हणून (साइन २ट, साइन ३ट) घ्या, पण त्यासाठी पाय/४ ची पायरी मोठी पडेल. पाय/१२ ची घ्या.

कोरा कागद

डावा बाण खोडून उलटा केला. पाय/१२ ने चोवीस पायऱ्या होतात, त्यामुळे या वेळी प्रत्येक बिंदूजवळ ट ची किंमत आधी लिहितो आणि मगच पेन्सिल टेकवतो.